पिन बदलून भागणार नाही

प्रश्न: माझं वय ५८. गेल्या काही वर्षांत मी थोडं बिटकॉइन, थोडं इथर आणि डॉलरशी बांधलेली काही टोकन घेतली. सगळं एका एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या साइटवर, पडून होतं. माझा भाचा कॉम्प्युटरमधला. "मावशी, एक्स्चेंजवर ठेवू नकोस, हार्डवेअर वॉलेट घे," म्हणून मागे लागला. त्यानेच ते किल्ली जपणारं छोटं यंत्र मागवलं आणि एका संध्याकाळी सुरूही करून दिलं. स्क्रीनवर २४ शब्द आले, ते मी वाचत गेले, त्याने कागदावर उतरवले. "कागद गहाळ झाला तर असू दे," म्हणून त्या कागदाचा त्याने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला. पिन मात्र फक्त मलाच माहीत आहे.

आता त्याने तो मोबाइल विकून नवा घेतलाय. फोटो आधीच डिलीट केला होता म्हणतो. मी धास्तावून पिन बदलला. एवढं पुरे आहे का? त्यातच परवा वॉलेटच्या कंपनीच्या नावाने ईमेल आला, 'सुरक्षेसाठी तुमचे शब्द पुन्हा पडताळा' असा. मी काही भरलं नाही, पण झोप उडाली. माझ्या यजमानांना यातलं ओ की ठो कळत नाही. माझं काही बरंवाईट झालं तर त्यांनी काय करायचं? आणि भाच्याचं मन दुखवायचं नाहीये. त्याने चांगल्या हेतूनेच केलंय.
– एक मावशी

उत्तर: नाही, पुरे नाही. पिन बदलण्याचा आणि तुमच्या या काळजीचा संबंधच नाही. तुम्हाला नवे २४ शब्द तयार करून सगळी शिल्लक त्यांच्यावर हलवावी लागेल. घाबरून आज रात्रीच करायला बसू नका, पण महिनाभर लांबवूही नका. येत्या सुट्टीचा एक दिवस त्यासाठी काढा.

पिनने का भागत नाही? तुमचं बिटकॉइन त्या यंत्रात नसतंच. ते ब्लॉकचेनच्या सार्वजनिक नोंदीत असतं आणि ते हलवायला लागणारी गुप्त किल्ली त्या २४ शब्दांतून गणिताने तयार होते. शब्द त्याच क्रमाने दिले की कोणत्याही यंत्रावर तीच किल्ली उभी राहते. ही पद्धत कोण्या एका कंपनीची नाही. 'बिप ३९' नावाचं ते खुलं मानक २०१३ सालचं आहे आणि बहुतेक सगळ्या कंपन्या तेच वापरतात. म्हणजे ज्याच्याकडे तो फोटो आहे त्याला तुमच्या कपाटातलं यंत्र नको आणि तुमचा पिनही नको. तो स्वतःचं यंत्र आणेल किंवा मोबाइलवर एखादं फुकटचं अ‍ॅप घेईल, शब्द भरेल आणि दोन मिनिटांत शिल्लक घेऊन जाईल. पिन फक्त तुमच्या हातातल्या त्या एका यंत्राचं दार उघडतो. शब्द बाहेर गेल्यावर पिन बदलणं म्हणजे चोराने किल्लीचा साचा घेतल्यावर आपण कुलूप पुसून लख्ख करण्यासारखं आहे.

आणि इथे तक्रार करायला खिडकी नाही. कंपनी तुमचे शब्द बदलून देऊ शकत नाही, खातं गोठवू शकत नाही, झालेला व्यवहार उलटवू शकत नाही.

आता तो फोटो. विकलेल्या मोबाइलची भीती मला तुलनेने कमी वाटते. आजकालच्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि विकण्याआधी फोन नीट फॅक्टरी रीसेट केला असेल तर ती परत मिळवणं फार अवघड. खरी अडचण अशी की फोटो काढल्याक्षणी तो एकट्या फोनमध्ये राहत नाही. आपोआप क्लाउडवर चढतो, तिथून टॅबलेटवर आणि लॅपटॉपवर उतरतो, बॅकअपमध्ये जातो. डिलीट केला तरी कचरापेटीत महिना-दोन महिने पडून असतो. भाच्याला हे सगळं आठवून पुसता येईल का? प्रयत्न करील. पण 'सगळीकडून गेला' याची खात्री ना त्याला देता येईल ना तुम्हाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा प्रकार उघड केला. अधिकृत अ‍ॅप स्टोअरवरच्या काही साध्या दिसणाऱ्या अ‍ॅपमध्ये दडलेला हा कोड फोनमधल्या फोटोंतला मजकूर वाचून नेमके असे शब्द शोधत होता. गॅलरीतल्या फोटोची कुणाला काय पडलीय, असं आता म्हणता येत नाही.

म्हणून फोटोच्या मागे धावू नका. तो फोटो निरुपयोगी करून टाका. त्या शब्दांखाली काही शिल्लकच राहिली नाही, तर तो कुठेही असेना.

भाच्याला काय सांगायचं? त्याचं निम्मं काम शंभर टक्के बरोबर होतं, तिथून सुरुवात करा. माउंट गॉक्स या एक्स्चेंजने २०१४ मध्ये सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गहाळ झाल्याचं जाहीर केलं होतं आणि एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळलं. दोन्हीकडे लोकांच्या हाती स्क्रीनवरचे आकडे राहिले. तुम्हाला तिथून बाहेर काढलं हे त्याने चांगलंच केलं. मग एवढंच म्हणा: "उद्या यातलं काही गेलं, तर ज्यांना शब्द माहीत होते त्यांच्यात तुझं नाव येईल. मला ते नकोय." यात आरोप नाही आणि गोष्ट खरी आहे. पैसे गेल्यावर नातेवाइकांत जे संशयाचं वातावरण तयार होतं, त्याची भरपाई कुठलंच यंत्र देत नाही. समजदार मुलगा असेल तर त्याला हायसंच वाटेल.

आता हलवायचं कसं. तुमच्याकडे एकच यंत्र आहे आणि सगळी गोम तिथे आहे. नवे शब्द तयार करायचे तर यंत्र आधी कोरं करावं लागतं. कोरं केलं की जुने शब्द उरतात फक्त कागदावर. आणि भाच्याने घाईत 'यू'चा 'व्ही' लिहिला असेल तर? म्हणून माझा सरळ सल्ला: शिल्लक तुमच्या दृष्टीने मोठी असेल तर दुसरं यंत्र विकत घ्या. जुन्याला हात न लावता नव्यावर नवे शब्द तयार करा आणि जुन्यावरून नव्यावर पाठवा. काम संपल्यावर जुनं यंत्र कोरं करून राखीव म्हणून ठेवता येतं. खर्च होतो, पण गोंधळाला जागाच उरत नाही.

दुसरं यंत्र घ्यायचं नसेल तर क्रम कटाक्षाने पाळा. सगळ्यात आधी, यंत्र कोरं करण्यापूर्वी, जुना कागद बरोबर आहे का ते पाहा. बहुतेक यंत्रांत बॅकअप तपासण्याची सोय असते. शब्द यंत्रावरच भरायचे आणि ते जुळतात की नाही हे यंत्र सांगतं. जुळले नाहीत तर तिथेच थांबा, काहीही पुसू नका. जुळले की यंत्र कोरं करा, नवे शब्द तयार करा, ते स्वतः लिहा आणि तेही तपासून घ्या. या नव्या वॉलेटचे पैसे स्वीकारायचे अ‍ॅड्रेस, एक बिटकॉइनचा आणि एक इथेरियमचा (इथर ज्या नेटवर्कवर चालतं ते), यंत्राच्या स्क्रीनवर पाहून कागदावर उतरवा आणि संगणकावर एका साध्या फाइलमध्येही कॉपी करून ठेवा. अ‍ॅड्रेस गुप्त नसतो, त्याची फाइल चालते. मग यंत्र पुन्हा कोरं करून जुने शब्द भरा. तुमची शिल्लक परत दिसेल. आता नव्या अ‍ॅड्रेसवर पाठवायला घ्या. सगळं गेलं की यंत्र शेवटचं कोरं करा आणि कागदावरून नवे शब्द भरा. हा शेवटचा टप्पा म्हणजे तुमच्या नव्या कागदाची खरी परीक्षाही आहे. त्यावरून शिल्लक दिसली म्हणजे यंत्र उद्या फुटलं तरी चिंता नाही.

पाठवताना आधी किरकोळ रक्कम पाठवा. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे नोंदीत चढणारा व्यवहारांचा एक गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांत होतो, कधी दोन मिनिटांत तर कधी तासभर लागतो. तोवर चहा घ्या, बटणं दाबत बसू नका. पहिली रक्कम पोचल्याचं दिसलं की उरलेली पाठवा. इथेरियमच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. टोकन पाठवायचं शुल्क त्या टोकनमध्ये कापलं जात नाही, इथरमध्ये भरावं लागतं. म्हणून आधी सगळी टोकन हलवा, इथर सर्वांत शेवटी. उलटं केलंत तर टोकन अडकून बसतील आणि त्यांना सोडवायला त्याच फुटलेल्या अ‍ॅड्रेसवर परत इथर पाठवावं लागेल. तुमची टोकन इथेरियमवरच आहेत ना, हेही बघून घ्या. एकाच नावाचं टोकन तीन-चार वेगवेगळ्या नेटवर्कवर असू शकतं.

कुणीतरी तुम्हाला सुचवेलच, की एवढं करण्यापेक्षा जुन्याच शब्दांवर पासफ्रेज लावा. पासफ्रेज म्हणजे तुम्ही ठरवलेला आणखी एक गुप्त शब्द किंवा वाक्य. तो जोडला की त्याच २४ शब्दांतून वेगळंच वॉलेट उघडतं आणि नुसत्या फोटोवरून तिथे पोचता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण पासफ्रेज चुकला तर यंत्र 'चुकला' असं म्हणत नाही. ते शांतपणे तिसरंच, रिकामं वॉलेट उघडून दाखवतं, कारण त्याच्या लेखी प्रत्येक पासफ्रेज बरोबरच असतो. एक मोठं अक्षर, एक जास्तीची स्पेस, आणि शिल्लक शून्य. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने दाखवलं होतं, की त्या वेळचं ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट प्रत्यक्ष हातात पडलं तर सुमारे पंधरा मिनिटांत त्यातले शब्द काढता येतात. अशा हल्ल्यावर पासफ्रेज हा चांगला उतारा आहे. पण ज्या घरात दुसऱ्या कुणाला हे प्रकरण अजून समजलेलं नाही, तिथे हरवण्यासारखी आणखी एक गोष्ट मी वाढवणार नाही.

हे सगळं करण्याआधी यंत्र अस्सल आहे का तेही पाहा. भाच्याने कुठून मागवलं, त्याला विचारा. थेट कंपनीकडून किंवा कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याकडून घेतलं असेल तर उत्तम. कुणाचं वापरलेलं किंवा ऑनलाइन बाजारात कुठल्याशा विक्रेत्याकडचं स्वस्त असेल तर ते बाजूला ठेवा आणि नवं घ्या. मे २०२३ मध्ये कॅस्परस्कीनेच एक नकली ट्रेझर उघडून पाहिलं होतं. खोका, सील, बाहेरचं रूप अगदी अस्सल. पण आतला प्रोग्रॅम बदललेला. यंत्र नवे शब्द 'तयार' केल्याचं नाटक करायचं, प्रत्यक्षात चोराने आधीच ठरवून ठेवलेल्या वीस संचांपैकी एक दाखवायचं. तेव्हा चकचकीत सीलवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपला यंत्र जोडलं की ते खरंखोटं तपासतं, ती तपासणी महत्त्वाची. ते अ‍ॅपही शोधयंत्रातल्या जाहिरातीवरून घेऊ नका, कंपनीचा वेबपत्ता स्वतः टाइप करून तिथून घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये लेजर या वॉलेट कंपनीच्या अ‍ॅपची नक्कल थेट मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर विराजमान झाली होती आणि लोकांचे पैसे गेले. खोक्यात आधीच शब्द छापलेलं किंवा भरलेलं कार्ड निघालं, तर मात्र विचारच करू नका, ती चोरी आहे. तुमच्या बाबतीत शब्द स्क्रीनवर आले, हे त्यातल्या त्यात ठीक.

त्या ईमेलचं. तुम्ही काही भरलं नाहीत, शाबास. तो चोरांचाच होता, यात शंका नको. तुमचा पत्ता त्यांना कसा मिळाला, याची एक जुनी वाट सांगते. २०२० मध्ये लेजर कंपनीचा ग्राहकांचा डेटा फुटला आणि त्या डिसेंबरात तो उघड्यावर टाकला गेला. सुमारे २,७२,००० लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर. ईमेल पत्ते तर दहा लाखांच्या घरात. त्यानंतर त्यातल्या काहींना पोस्टाने नकली यंत्रं आली, सोबत 'तुमचं यंत्र धोक्यात आहे, हे नवीन वापरा' असं पत्र. पुढे कंपनीच्या लेटरहेडवर क्यूआर कोड छापलेली कागदी पत्रंही आली. किल्ल्या तेव्हा सुरक्षितच होत्या, फुटली ती यादी. पण वॉलेट कुणाकडे आहे हे कळलं की चोराला पुढचं काम फक्त शब्द वदवून घ्यायचं उरतं. उद्या फोनही येईल. बोलणारा सभ्य असेल, तुमचं नाव, पत्ता, यंत्राचं मॉडेल सगळं बरोबर सांगेल. तुम्ही फोन ठेवून द्या.

शब्द भरायची जागा एकच, ते यंत्र. तेही तुम्ही स्वतःहून ते पुन्हा उभं करत असाल तेव्हाच. वेबसाइटवर नाही, मोबाइलवर नाही, संगणकाच्या कीबोर्डवर नाही. (अगदी जुन्या एका-दोन मॉडेलांत शब्द उलटसुलट क्रमाने संगणकावर भरावे लागतात. तुमचं तसं निघालं तर नवं यंत्र घ्यायला ते आणखी एक कारण समजा.) फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमचा, अपडेट मात्र टाळू नका. तो ईमेलमधल्या लिंकवरून करायचा नसतो, अधिकृत अ‍ॅप उघडून करायचा असतो, आणि शब्दांचा कागद हाताशी आहे हे पाहूनच.

तुम्ही पत्रात कोणत्या कंपनीचं यंत्र आहे ते लिहिलं नाहीत, रक्कमही लिहिली नाहीत. फार बरं केलंत. हे असंच चालू ठेवा. मैत्रिणींच्या गप्पांत, कुटुंबाच्या ग्रुपवर, कुठेही 'माझ्याकडे बिटकॉइन आहे' हा विषय नको. जानेवारी २०२५ मध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचं फ्रान्समध्ये राहत्या घरातून अपहरण झालं आणि क्रिप्टोमध्ये खंडणी मागितली गेली. आपण काही तेवढे मोठे मासे नाही. तरी कुणाला कळलंच नाही, तर सगळे प्रश्न आधीच मिटतात.

आता असा विषय, ज्याकडे हार्डवेअर वॉलेटवाले लोक सर्रास दुर्लक्ष करतात. यंत्र तुमची किल्ली बाहेर जाऊ देत नाही, पण तुम्ही 'मंजूर' दाबलंत तर चुकीच्या व्यवहारावरही ते आज्ञाधारकपणे सही करतं. संगणकात शिरलेला एखादा व्हायरस तुम्ही कॉपी केलेला अ‍ॅड्रेस पेस्ट करताना बदलून टाकतो. संगणकाच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. खरं काय चाललंय ते दिसतं फक्त यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर. म्हणून पाठवण्यापूर्वी तिथला अ‍ॅड्रेस कागदावरच्या अ‍ॅड्रेसशी ताडून पाहा, पूर्ण. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडून देण्याची सवय फार जणांना आहे आणि चोरांना ती ठाऊक आहे. ते पहिली-शेवटची अक्षरं जुळणारा अ‍ॅड्रेस तयार करतात आणि त्यावरून तुमच्या खात्यात शून्य किंवा चिल्लर रक्कम टाकतात, म्हणजे तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत दिसू लागतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून कॉपी करता आणि फसता. मे २०२४ मध्ये एकाने असंच १,१५५ इतकं 'रॅप्ड बिटकॉइन' (बिटकॉइनच्या किमतीशी बांधलेलं इथेरियमवरचं टोकन), त्या वेळचे सुमारे ६.८ कोटी डॉलर, भलत्याच अ‍ॅड्रेसवर पाठवलं. त्याचं नशीब थोर म्हणून बहुतेक रक्कम चोराने परत केली. तुम्ही त्यावर विसंबू नका. मागच्या व्यवहारांच्या यादीतून अ‍ॅड्रेस कधीच उचलायचा नाही.

याहून मोठं उदाहरण फेब्रुवारी २०२५ चं. बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर एका फटक्यात गेलं. अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागे उत्तर कोरिया असल्याचं सांगितलं. तिथे सह्या करणाऱ्यांच्या हातात हार्डवेअर वॉलेटच होती, एक सोडून अनेक लोकांच्या सह्या लागत होत्या, तरीही. संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही होत होती ती वॉलेटचा ताबा देणाऱ्या वेगळ्याच गोष्टीवर. याला 'ब्लाइंड सायनिंग' म्हणतात, न वाचता सही. तुम्हाला फक्त पैसे ठेवायचे आणि कधीमधी पाठवायचे आहेत. तेव्हा यंत्राच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असेल तर बंदच ठेवा आणि 'वॉलेट कनेक्ट करा, फुकट टोकन मिळवा' म्हणणाऱ्या कुठल्याही साइटला यंत्र जोडू नका. खात्यात अचानक अनोळखी टोकन आलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका. ते आमिष असतं.

कागदाविषयी. नवे शब्द तुम्ही लिहा, भाच्याने नव्हे, आणि त्या वेळी खोलीत तुमच्याशिवाय फार तर यजमान असू देत. मोबाइल बाहेर ठेवा. शब्द इंग्रजी असतात, ते इंग्रजी अक्षरांतच सुटे-सुटे लिहा, प्रत्येकापुढे क्रमांक घाला. उच्चारावरून देवनागरीत लिहून ठेवण्याचा मोह काहींना होतो. करू नका. दहा वर्षांनी स्पेलिंगवरून वाद होतील. मानकात जपानी, स्पॅनिश, झेक अशा काही भाषांच्या याद्या आहेत, मराठीची नाही. इंग्रजी यादीत २,०४८ शब्द आहेत आणि ती अशी रचलीय की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. म्हणूनच पोलादी पट्टीवर शब्द कोरायच्या संचांत चारच घरं असतात. आग आणि पाणी दोन्हींचा विचार केला तर अशी पट्टी कागदापेक्षा बरी. प्रती दोन करा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. एकही प्रत यंत्राच्या शेजारी नको. बारा शब्द इकडे, बारा तिकडे अशी विभागणी करणारे स्वतःवर खूश असतात, पण दोन्हींतलं एक ठिकाण गेलं की सगळंच गेलं. धोका वाढतो, कमी होत नाही. शब्दांचा क्रम उलटा लिहिणं, मध्येच एक खोटा शब्द घालणं हे खेळही नकोत. चोराआधी तुम्हीच त्यात अडकाल.

पिन चुकण्याची भीती मनात बाळगू नका. लेजर तीन चुकांनंतर स्वतःला कोरं करतं, ट्रेझर त्याहून बऱ्याच जास्त चुकांनंतर. कागद असेल तर कोरं झालेलं यंत्र ही फक्त अर्ध्या तासाची कटकट.

राहिले यजमान. त्यांनी सगळं शिकायची गरज नाही. एक साधं पत्र लिहून ठेवा: काय काय आहे (रक्कम नको), यंत्र कुठे आहे, शब्दांच्या दोन प्रती कुठे आहेत, कोणतं अ‍ॅप वापरायचं आणि काय अजिबात करायचं नाही. पत्रात शब्द लिहायचे नाहीत. मृत्युपत्रातही नाहीत, ते पुढे अनेकांच्या नजरेखालून जातं. पत्रातलं पहिलं वाक्य हे असू द्या की मदत करतो म्हणून जो कुणी आपणहून फोन करील, त्याला काही सांगायचं नाही आणि घाई करायची नाही. पैसे ब्लॉकचेनवर आहेत, दोन महिने थांबल्याने ते कुठे जात नाहीत.

पण नुसतं पत्र पुरत नाही. यंत्र शेवटचं कोरं करून नवे शब्द भरायचा जो टप्पा वर सांगितला, तो यजमानांच्या हातून करून घ्या. (दुसरं यंत्र घेतलंत तर तेही एकदा मुद्दाम कोरं करून घ्या, तेवढ्यासाठी पहिली किरकोळ रक्कम पोचली की बाकीची पाठवण्याआधी थांबा.) कागदावरून एकेक शब्द ते भरतील आणि शिल्लक दिसेल. तुम्ही शेजारी बसा, पण बोट लावू नका. जिथे ते अडतील ते पत्रात वाढवा. याच पत्रात भाच्याचं नाव घाला, 'अ‍ॅप, केबल, अपडेट यांत अडलं तर याला विचारा' म्हणून. त्याने मदत करावी, शब्द भरताना मात्र खोलीबाहेर थांबावं. ही अट त्याच्यादेखतच पत्रात लिहा. त्याला जबाबदारी मिळते, तुम्हाला जाणकार माणूस मिळतो आणि किल्ली दोघा नवरा-बायकोंत राहते.

शेवटी एक किरकोळ वाटणारं काम. तुमच्या एक्स्चेंजच्या खात्यात पैसे बाहेर काढण्यासाठी जुन्या वॉलेटचा अ‍ॅड्रेस साठवलेला असणार. तो काढून नवा घाला आणि नवा घालताना यंत्राच्या स्क्रीनशी ताडून पाहा. नाहीतर पुढच्या खरेदीनंतर सवयीने तुम्ही परत फुटलेल्या अ‍ॅड्रेसवरच पाठवाल. त्याच कारणासाठी जुने शब्द लगेच फाडू नका. त्यावर 'जुने, रिकामे' असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, काही महिने तिथे चुकूनही काही येत नाही ना हे पाहा आणि मग नष्ट करा. कोणत्या तारखेला कुठून कुठे हलवलं याची वहीत नोंद ठेवा. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात गेलं, विक्री नव्हे, हे उद्या हिशेबाच्या वेळी दाखवता येईल.